विकलेल्या गाडीची पत्रं

३ नोव्हें., सोम.
उदगीरला अक्काकडे गेलो. निघताना भावजींनी दोन पाकिटं हातात दिली. "तुझी हायत. कंपनीची जाहिरात असंल." लाल गाडीची पत्रं. गाडी घेतली अक्काच्या पत्त्यावर, माझ्या भालकीच्या नाही. तिकडं महाराष्ट्रात रोड टॅक्स कमी, इकडं कर्नाटकात सगळेच असं करतात. फोन नंबरही भावजींचाच दिलेला. कंपनीचे फोन त्यांनी लोनवाले समजून कापले.
पहिलं पत्र श्रावणातलं. रिकॉल, म्हणजे गाडी तपासायला परत आणा. ब्रेकच्या पाइपची जोडणी सैल पडू शकते, तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये. दुसऱ्यात तेच, जाड अक्षरात.
गाडी तर मी दसऱ्याला विकली.

४ नोव्हें.
ज्याला गाडी विकली त्या हुमनाबादच्या एजंटाला फोन. "गाडी कवाच पुढं गेली अण्णा. कलबुर्गीकडं." नाव विचारलं, तर म्हणे मधी अजून एक एजंट होता. "नाव बदलायचं ऱ्हायलंय, कागदावर अजून तुम्हीच मालक. घाबरायलाव कामून?"
सर्व्हिस सेंटरवाली पोरगी गोड बोलली. सर, तुमच्या नावावर आहे, तुम्हीच घेऊन या.

६ नोव्हें., गुरु.
फोनमधलं गाडीचं ॲप मी काढलंच नव्हतं. आज माझ्या पंप-पाइपच्या दुकानात बसून सहज उघडलं. नकाशावर लाल ठिपका, कमलापूरजवळ. सरकत होता.
गाडी माझी नाही, चालवणारा माहीत नाही, आणि मी इथून बघतोय. गिऱ्हाइकानं दीड इंची फुटव्हॉल्व्ह मागितला, मी दोनाचा दिला. परत आला बिचारा.

८ नोव्हें.
जेवताना शैला म्हणाली, "सारखं फोनात काय बघायलाव? विकली ना एकदाची?" गाडी का विकली, तर गुडघे. त्या बुटक्या, दोन दारांच्या गाडीत बसता-उठता येत नाही, असं तिलाही सांगितलं, गावालाही. गावानं हसून घेतलं, या वयात हौस म्हणून.
इथं तरी खरं लिहू. भाद्रपदात हुमनाबादच्या उतारावर ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट तळाला गेलं. काहीच नाही. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा लागला. पुढं ट्रॅक्टर होता, हातभर राहिला. आदल्याच दिवशी कापडवाले अप्पा गाडीभोवती तीनदा फिरून "काय देखणी हाय" म्हणाले होते. मला वाटलं दृष्ट. मेकॅनिककडं नेली नाही. नारळ उतरवून फोडला, चाकाखाली लिंबू, आरशाला काळा दोरा. नंतर पेडल ठीक लागायचं. पण माझा पाय भ्यायला होता. म्हणून विकली. विकताना कुणाला बोललो नाही.

१० नोव्हें., सोम.
ठिपका रोज स. ८।।च्या सुमारास कलबुर्गीत एका शाळेपाशी थांबतो. दहा मिनिटं. मग पुढं.
त्या गाडीची मागची सीट लहान लेकराला पुरेल एवढीच आहे.

११ नोव्हें.
पहाटेच्या बसनं कलबुर्गी. शाळेच्या फाटकासमोर उभा. आली. काळा दोरा तसाच. मागच्या सीटवरून सहा-सात वर्षांची पोरगी उतरली, दोन वेण्या. मी पळत जाऊन तिच्या बापाला गाठलं. आळंदचा माणूस, मराठी बोलणारा, भला. पत्रं दाखवली. त्यानं नीट वाचली.
"एवढ्या लांब आलाव तुम्ही? लई उपकार. पण एकदम मस्त चाललीय बघा." मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुमच्या हातात कधी ब्रेकचं काही झालं होतं काय?"
मी म्हणालो, "न्हाई."
कसं आलं तोंडातून, माहीत नाही. पोरगी तिथंच उभी होती, तिच्यासमोर कबूल करायची लाज वाटली. निदान स्वतःशी तरी असंच म्हणतोय. तो म्हणाला, मग पुढच्या आठवड्यात दाखवतो. नंबर दिला, चहा पाजला. चहा प्यालो मी.

१२ नोव्हें., बुध.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. स. ७ पासून नंबर समोर घेऊन बसलोय. शैलाला सगळं सांगितलं. तिनं फोन माझ्यापुढं सरकवला.
८ वा. लावला. उचलला नाही. ॲप उघडलं, ठिपका निघालेला. पुन्हा लावला. पुन्हा.
चौथ्यांदा उचलला. पोरीचा आवाज. "पप्पा गाडी चालवायलेत. काय सांगू त्यांना?"