बाळंतिणीच्या खोलीतल्या नळ्या

४ डिसेंबर १९७१
पुन्हा तपकिरी! दहाला नळीतलं द्रावण लालभडक होतं, साडेदहाला चहाच्या चोथ्यासारखं. रक्तातलं लोखंड प्राणवायू धरतं, सोडतं, पुन्हा धरतं — जन्मभर. मी हाताने बनवलेलं लोखंड एकदाच धरतं आणि गंजून बसतं. पुण्याचे माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "जानेवारीपर्यंत काही दिसलं नाही तर रंगनाथ, विषय बदला." बदला म्हणे! मग तीन वर्षं काय गवत उपटलं मी?

काल लढाई सुरू झाली. नगर पडलं लष्कराचं गाव, ब्लॅकआउट कडक. संध्याकाळी खिडक्यांना काळे कागद डकवले, फटी चिंध्यांनी बुजवल्या. आई खूश. "बरं झालं. बाळंतिणीला वारं लागायचं न्हाई." राजूरहून येताना तिने कोळशाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून आणलंय. बायकोच्या, भागिरथीच्या, बाजेखाली शेगडी, दार लोटलेलं. या खेपेला आई कुणाचं काही ऐकायला तयार नाही. मुलगी आज पाच दिवसांची.

६ डिसेंबर
कॉलेजची प्रयोगशाळा चारलाच बंद करतात आता. तीन नळ्या घरी आणल्या. नुसतं पाण्यातलं द्रावण, वास नाही, तोंडाला कापसाचा सैल बोळा. उजेड नको म्हणून बाळंतिणीच्या खोलीत फळीवर ठेवल्या. आई ओरडली — "काय रगत आनलंस रं घरात!"

७ डिसेंबर
लाल! तिन्ही नळ्या लाल!

८ डिसेंबर
अजून लाल आहेत. हवा आत जातेय, तरी गंज नाही! वर्गात शिकवताना काय बोललो, देव जाणे. कारभारी — आमचा प्रयोगशाळेतला शिपाई — म्हणाला, "सर, फळ्यावर येकच गोष्ट दोनदा लिवली तुमी."

९ डिसेंबर
एक नळी अंगणात उन्हात ठेवली. दुपारपर्यंत तपकिरी. आतल्या दोन तशाच लाल. म्हणजे उजेडच वैरी! अंधारात माझं लोखंड प्राणवायू धरून राहतं, गंजत नाही. असं कुणी पाहिलं असेल? सरांना सहा पानी पत्र. आजच पोस्टात टाकलं.

भागिरथीचं डोकं दुखतंय. बाळंतपणानंतर दुखतंच म्हणे.

११ डिसेंबर
नव्या चार नळ्या. चारही लाल. आता शंका नाही.

भागिरथी उठताना भोवळ येऊन पडली. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, "अशक्तपणा" म्हणाल्या आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, घरात लोखंडाला तोटा नाही! कुणी हसलं नाही. भागिरथी एवढंच म्हणाली, "खिडकी जरा उघडा ना. जीव घाबरतोय." आई आडवी आली. शिवाय माझ्या नळ्या होत्याच. मीही नाही उघडली.

१३ डिसेंबर
मुलगी फार झोपते. अंगावर घेतली की दोन घोट पिते, मान टाकते. आई कौतुकाने म्हणते, "लई गुनाची पोर हाय, रडत बी न्हाई." मला ते बरं वाटत नाही. पण नळ्या सात दिवस लाल आहेत, आणि खरं लिहायचं तर माझा जीव नळ्यांत अडकलाय. लाज वाटते लिहायला.

१४ डिसेंबर
सरांचं पत्र. कौतुकाचा एक शब्द नाही! "अंधारामुळे होतं म्हणता, तर कॉलेजातही तशीच नळी अंधारात ठेवून पाहिली का?" नव्हती ठेवली. एवढी साधी गोष्ट, आणि मी विसरलो! आज कपाटात एक ठेवली, बाहेरून काळं कापड, कुलूप. पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अजून काही आहे, पण रागाच्या भरात तसंच खिशात कोंबलं.

१५ डिसेंबर, कॉलेजात
कपाटातली नळी तपकिरी. अंधार तोच, द्रावण तेच. म्हणजे अंधार नव्हे. मग घरात काय आहे जे इथे नाही?

पत्राची मागची बाजू आत्ता वाचली — "प्राणवायू उजेडाने असा सहज सुटत नाही. उजेडाने सुटतो तो कार्बन मोनॉक्साइड. तो लोखंडाला चिकटला की प्राणवायूला जागाच देत नाही. रंग लालच दिसतो. अर्थात तुमच्याकडे तो कुठून येणार?"

शेगडी

१६ डिसेंबर, इस्पितळ
काल वाक्य अर्धंच राहिलं. सायकल माळीवाड्यातल्या घरापर्यंत कशी मारली आठवत नाही. दार ढकललं, शेगडी फडक्याने धरून अंगणात फेकली, हात पोळला. कागद टराटरा फाडले. आई मला मारायलाच धावली — "मारतोस का रं पोरीला! वारं लागंल!" मी आयुष्यात पहिल्यांदा आईच्या अंगावर ओरडलो. भागिरथी हाकेला ओ देईना. गाल गुलाबी, ओठ गुलाबी — माझ्या नळ्यांसारखी लाल, आणि मी आठवडाभर त्या लालीवर खूश!

टांगा. इस्पितळात प्राणवायूचं सिलिंडर, मायलेकींना आळीपाळीने. डॉक्टर म्हणाले, "अजून एक-दोन दिवस गेले असते तर…" पुढचं मी ऐकलं नाही.

आज सकाळी मुलगी रडली. केवढ्याने! वॉर्डभर ऐकू गेलं. मीही रडलो, लपवलं नाही.

१७ डिसेंबर
लढाई संपली. वॉर्डात कुणीतरी साखर वाटली. भागिरथी उशीला टेकून बसली, माझ्या पोळलेल्या हाताला तेल लावलं. मुलगी पोटभर प्यायली. सरांना दोन ओळी लिहिल्या : तुमचं बरोबर. विषय जानेवारीत बदलतो. वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

आईला सगळं समजावून सांगितलं. कोळसा कोंडला की वायू साठतो, वास नाही, धूर नाही, माणूस नुसता झोपत जातो. तिने एकच विचारलं, "नुसता झोपत जातो?" कालपासून जेवलेली नाही.

१९ डिसेंबर
आईला राजूरच्या एसटीत बसवायला गेलो. खिडकीतून माझं मनगट धरून म्हणाली, "तुजा थोरला ल्योक आठव्या दिशी गेला, तवा बी शेगडी मीच ठिवली हुती. त्यो बी असाच निजला हुता रं."

गेली दोन वर्षं या वहीत त्याच्याविषयी मी एक अक्षर लिहिलं नाही.

मी म्हणालो, "नाही गं आई. त्याला ताप होता."

ताप नव्हता.