चौथी ओळ

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा सगळं लाल! एका 'कृपया'पायी.

आमचा कंपायलर शाळेतल्या मुलांसाठी. मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम तो वाचतो आणि चुकलं तर आपल्या भाषेत सांगतो – काय चुकलं, कुठे चुकलं, आता काय करावं. तीन-चार ओळींचा मेसेज. तो नीट बोलतोय ना, हे बघायचं काम माझं. म्हणजे बघतं यंत्रच. कुठल्या चुकीवर कोणता मेसेज यायला हवा ते मी लिहून ठेवलंय. यंत्र अक्षर न् अक्षर ताडून बघतं. जुळलं तर हिरवं, नाहीतर लाल.

शेजारच्या टेबलावरच्या एक्स्प्रेसने (विचार यायच्या आधी त्याचं टाइप करून झालेलं असतं, म्हणून हे नाव) मेसेजमधल्या प्रत्येक उपायाआधी 'कृपया' घातलं. सभ्यपणा म्हणून! झालं, शेकडो टेस्ट लाल. सरकार – आमच्या मॅडम, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान – म्हणाल्या, "बुवा, एका शब्दासाठी एवढा आकांत?" काम सुरू करण्याआधी मी क्षणभर डोळे मिटतो, तेव्हापासून ऑफिसात मी बुवा.

घरी आलो तर ही लेकीशी फोनवर. "ठकी तुमची तब्येत विचारतेय." म्हटलं, बरी आहे म्हणून सांग. "मी काय टपाल खातं आहे?" ही कडाडली. तरी सांगितलंन.

ठकीने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली, दुसऱ्या गावी खोली घेतली आणि शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. तेव्हा आमचं वाजलं. जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता आणि लाल दिवा लावता." तेव्हापासून घरी आलेली नाही. बोलणं आईमार्फत.

बुधवार, ६ मार्च

सरकारांनी तोडगा काढला. यापुढे यंत्र मेसेजची फक्त पहिली ओळ तपासणार! खालच्या ओळी कशाही येवोत. एका फटक्यात सगळं हिरवं. एक्स्प्रेसने सगळ्यांना चहा पाजला.

मी म्हटलं, "मॅडम, खरं काम खालच्या ओळी करतात."

"बुवा, खालच्या ओळी वाचतं कोण?"

"ज्याचं चुकलंय तो."

हसल्या. चहा घ्या म्हणाल्या.

गावच्या शाळेत आमचे गुरुजी नुसती फुली मारून वही कधी परत देत नसत. खाली लिहायचे – 'हातचा विसरलास. पुन्हा कर, येईल.' फुली मला एकही आठवत नाही. 'येईल' आठवतं.

गुरुवार, ७ मार्च

आजही सगळं हिरवं. शंका यावी इतकं हिरवं.

सोमवार, ११ मार्च

सरकारांना पटवायचं तर डोळ्यांनी दाखवायला हवं. म्हणून आज एक आगाऊपणा केला. उघड्या कंसाच्या मेसेजला खाली एक ओळ जोडली. आता तो असा दिसतो –

चूक: ओळ १२ – कंस बंद केलेला नाही.
टीप: हा कंस ओळ ३ वर उघडला होता.
उपाय: कृपया ओळ १२च्या शेवटी कंस बंद करा.
असू दे. आधी जेवून घे, मग बघू.

काहीतरी भलतंच घालायचं होतं. बोटांनी हेच लिहिलं. ठकी लहानपणी गणित चुकलं की वही छातीशी धरून पलंगाखाली जाऊन बसायची. मी वाकून हेच म्हणायचो.

टेस्ट लावली. हिरवी! कंपायलर पोरांना जेवायला बसवतोय आणि यंत्र म्हणतंय सगळं ठीक. सरकारांना त्यांच्याच मशीनवर दाखवावं म्हणून ती ओळ सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये ढकलली; दाखवून झालं की लगेच काढणार होतो. त्या मीटिंगमध्ये होत्या. बाहेर थांबलो होतो, एवढ्यात हिचा फोन – "अहो, स्वयंपाकघरातला नळ तुटलाय, मी भोकावर बोट दाबून उभी आहे, या!"

पळालो.

मंगळवार, १२ मार्च

नळ झाला. नळवाला म्हणाला, "साहेब, हा आधी कोणी बसवला होता?" ही माझ्याकडे बघत राहिली.

नवं व्हर्जन आज सगळ्या शाळांना गेलं. काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. उठून गॅस बघून आलो. बंद आहे.

गुरुवार, १४ मार्च

गॅस नव्हता तो, ती ओळ होती!

सकाळी एका शाळेची तक्रार – 'तुमचा कंपायलर भर तासाला विद्यार्थ्यांना जेवायला सांगत आहे. खुलासा व्हावा.' सरकारांनी ती उभ्याने, मोठ्याने वाचली. मग विचारलं, "कोण?"

"मी."

एक्स्प्रेस चहा ठेवून उठला. "बुवा, तुम्ही?" त्याच्या आवाजात इतका आदर मी आजवर ऐकला नव्हता.

सरकारांनी पडद्यावर ती ओळ आणि तिच्यावरचा हिरवा शेरा पाहिला. मग म्हणाल्या, "पटलं. सगळ्या ओळी तपासायच्या. पण ती ओळ पुढच्या शुक्रवारच्या व्हर्जनमधून गेली पाहिजे. वरून विचारणा झालीय." केबिनचं दार लागलं आणि आतून हसू ऐकू आलं.

घरी सांगितलं. ही पदर तोंडाला लावून हसली. "मला नाही कधी म्हणालात आधी जेवून घे!" मग एकदम थांबली. "पण हे तर ठकीचं. अहो, तिच्या शाळेतही तुमचाच कंपायलर ना?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवार, १५ मार्च

ती ओळ दिसायची तर कोणीतरी कंस उघडा ठेवायला हवा. देवासमोर बसलो. आजवर फारसं कधी मागितलेलं नाही. आज मागितलं – ठकीच्या वर्गातल्या एखाद्या पोराचं चुकू दे. अशी प्रार्थना त्याच्याही कानी पहिल्यांदाच पडली असेल.

सोमवार, १८ मार्च

संध्याकाळी ही फोनवर. मी पेपर उलटा धरून बसलेलो. फोन ठेवल्यावर सहज विचारलं, "काय म्हणते?"

"परीक्षेच्या गडबडीत आहे."

"अजून काही?"

"अजून काय हवं होतं?" आणि वर, "स्वतः लावा की फोन."

"लावून काय बोलू?"

"सगळ्या शाळांना सांगून झालंय, तेच!"

लावला. तिकडे वाजायच्या आत बंद केला. ही म्हणाली, "दुसऱ्यांचे मेसेज तपासायला पगार घेतात." मी पेपर सुलटा केला.

मंगळवार, १९ मार्च

तीन शाळांनी कळवलंय – ओळ काढू नका. एका बाईंनी लिहिलं, एक मुलगा चुकलं की रडायचा, आता कंस मुद्दाम उघडा ठेवतो. सरकारांना दाखवलं. "बुवा, मलाही आवडते हो. पण वरच्यांना कोण सांगणार?" त्यांच्याही वर कोणी लाल दिवा लावणारं बसलंय म्हणायचं.

बुधवार, २० मार्च

ओळ काढली.

पूर्ण तपासणी पुन्हा सुरू करताना एक्स्प्रेसने घाईत समोर दिसेल तेच 'अपेक्षित' म्हणून नोंदवलं होतं – माझ्या ओळीसकट. त्यामुळे ओळ काढताच टेस्ट लाल झाली. पडद्यावर आलं –

अपेक्षित: असू दे. आधी जेवून घे, मग बघू.
मिळालं: काही नाही.

बघत बसलो. एक्स्प्रेस खुर्ची सरकवत आला, वाचलं, आणि कीबोर्डला हात न लावता परत गेला. हे त्याला पहिल्यांदाच जमलं.

मग अपेक्षितातूनही ओळ काढली. हिरवं झालं.

गुरुवार, २१ मार्च

सरकारांनी जागेवर येऊन एक कागद ठेवला. "बुवा, नवी तक्रार. ही तुम्हीच हाताळा."

चूक: मेसेज अपुरा आहे.
टीप: ओळ ४ वर 'जेवून घे' म्हटलंय. कोणाच्या घरी, ते लिहिलेलं नाही.
टीप: माझ्या वर्गात कोणीच कंस उघडा ठेवेना. आईने सांगितलं म्हणून शेवटी मीच ठेवला.
उपाय: रविवारी मला सुट्टी आहे.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग परत वरून. जिन्यात जाऊन ठकीला फोन लावला. पहिलंच वाक्य बोलताना चुकलं.

"असू दे, बाबा," ती म्हणाली.