बाबांच्या पुस्तकातली आई

रविवार, २० जुलै

पहिल्याच पानावर अडकले.

बाबांनी लिहिलंय — "रेल्वेच्या खांबावरच्या दिव्याखाली बसून मी पाढे पाठ केले." हे मी वाचते न वाचते तोच मागून विजयाबाई म्हणाल्या, "देवीदास, आपल्या पाऱ्यात, साऱ्या वस्तीत, खांब कुठी होता रे? कंदील तं तुह्याच घरी होता. आमीच येत होतो तुह्याकडे अभ्यासाले."

सगळं विहार हसलं. बाबाही हसले, पण ओठांनीच.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत गुढियारीच्या, बाबांच्या जुन्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाली की ग्रंथवाचन असतं. यंदा महिला मंडळानं ठरवलं — ग्रंथ संपला की थोडा वेळ देवीदासभाऊंचं आत्मचरित्र वाचायचं. पाऱ्यातला पहिला अपर कलेक्टर, दसऱ्याला पुस्तक छापून येणार, तर आधी आपण ऐकू. वाचायला मला बसवलं, कारण इथे हिंदी मुलखात वाढलेल्या माझ्या वयाच्या बाकीच्या बायांना मराठी समजतं पण वाचायचं म्हटलं की त्या हिंदीवर येतात. बाबा फार खूश होते. ऐकणारे सगळे आपल्याबरोबरच चड्डीत हिंडलेले आहेत, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

अंजनाआत्या, बाबांची मोठी बहीण, पहिल्या रांगेत होती. पांढरं लुगडं, नीट घडी घातलेला रुमाल मांडीवर. ती हसली नाही. कान देऊन ऐकत होती.

मंगळवार, २२ जुलै

शाळेतून आले तर पायल बाबांची टाइप केलेली पानं चाळत बसलेली. मराठी तिला अडखळत वाचता येतं, बोलते हिंदीच. म्हणाली, "मम्मी, नानाजी की किताब में कोई हँसता क्यों नहीं?"

पोरीनं बरोबर नाडी पकडली. आमच्या कपाटात अशी पुस्तकं रांगेनं आहेत. सगळ्यांत एक दिवा, एक फाटका सदरा, एक देवमाणूस मास्तर, आणि उपाशी राहून पोराला जेवू घालणारी आई. खोटं असेल असं मी म्हणत नाही. सोसलंय लोकांनी. पण बाबांनी लिहिण्याआधी ती सगळी पुस्तकं पुन्हा वाचली, आणि मग आपलं लहानपण त्यांच्या मापानं शिवून घेतलं. जेवताना ते आम्हाला जे सांगतात — मालधक्क्यावरची गुळाची भेली कशी पळवली, मास्तरांच्या सायकलची हवा कोणी सोडली — त्यातलं एक अक्षर पुस्तकात नाही.

विचारलं तर म्हणाले, "मोठ्या माणसाच्या पुस्तकात गूळचोरी शोभत नाही."

रविवार, २७ जुलै

आज हसण्यासारखं काही झालं नाही.

तिसरं प्रकरण. "आई मालधक्क्यावर पोती उचलायची. संध्याकाळी तिच्या खांद्यावर सुतळीचे वळ दिसायचे. ती स्वतः माड, भाताची नुसती पेज, प्यायची आणि भात माझ्या ताटात वाढायची."

विजयाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "देवीदास, असं काहून लिहितं बाप्पा? तुह्या मायले दमा होता. ते तं खाटेवरून उठत नव्हती. पोते अंजनानं उचलले. आमी डोयानं पाह्यलं."

आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी आत्याकडे पाहिलं. तिची नजर रुमालावर. म्हणाली, "वाच ना पोट्टे पुढं. थांबली काहून?"

वाचलं.

सोमवार, २८ जुलै

बाबांशी भांडले. त्यांच्या खोलीत जाऊन, दार लावून.

मी म्हटलं, सबंध पुस्तकात आत्याचं नाव दोनदा येतं. एकदा जत्रेत, एकदा तिला ताप आला तेव्हा. जिनं पोती उचलली, लग्न केलं नाही, तुम्हाला कॉलेजपर्यंत पोचवलं, तिला तुम्ही जत्रेत नेऊन सोडलंत! आणि तिचं सगळं केलंसवरलं आजीच्या नावावर. का? पुस्तकात आईच शोभते म्हणून?

बाबांनी समोरची पानं जुळवून ठेवली. मग म्हणाले, "मी आई लिहिलं आहे. आईच राहील."

"मग आत्याला काय वाटेल?"

"ते आम्हा दोघांचं आहे. तू यात पडू नको, चेतना."

पडू नको! मग वाचायला मला कशाला बसवलं? माझ्या बापाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

बुधवार, ३० जुलै

बाबा ताटावर खाली मान घालून जेवतात. मीही बोलत नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

उद्याचं प्रकरण आधीच वाचून ठेवलं. मॅट्रिकचा निकाल. बाबा लिहितात — आईनं पाराभर पेढे वाटले, मग दाराआड जाऊन रडली, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

आजी तर बाबा सातवीत असतानाच गेली! भिंतीवरच्या फोटोखाली साल लिहिलेलं आहे. म्हणजे मेलेल्या बाईला उठवून पेढे वाटायला लावले, पण जिवंत बहिणीला जागा नाही.

आत्या चौऱ्याऐंशीची आहे. दर रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसते. कशासाठी येते ते न कळायला मी काही लहान नाही. आपलं नाव ऐकायला येते. ते तिला तिच्या कानांनी ऐकायला मिळालं पाहिजे, पुस्तकाचं पुढं काहीही होवो.

मी ठरवलंय.

रविवार, ३ ऑगस्ट

केलं.

जिथे "आई" होतं तिथे "माझी मोठी बहीण अंजना" वाचलं. न अडखळता. "माझ्या मोठ्या बहिणीनं पाराभर पेढे वाटले." टाळ्या पडल्या. विजयाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आता कसं खरं लिहिलं!" सगळ्यांना वाटलं, बाबांनीच दुरुस्त केलं.

बाबा मध्येच उठून बाहेर गेले. जाऊ देत म्हटलं. मला फार बरं वाटत होतं, खोटं का लिहू. वाचन संपल्यावर आत्याला शोधलं तर ती चहा न घेताच घरी गेलेली. तिला भरून आलं असेल.

सोमवार, ४ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर गुढियारीला गेले. आत्या दारात तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही.

"कोणी सांगतलं होतं तुले शहाणपण कराले? त्यानं माय लिहिलं होतं तं माय वाचाचं होतं."

मी म्हटलं, "पण आत्या, आजी तर तेव्हा—"

"ते माही माय. त्याची नाही."

सुपातले खडे वेचत वेचत तिनं सांगितलं. आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. बाबा तिच्या पोटी झाले तेव्हा सोळाची होती ती. भंडाऱ्याकडचं गाव घरच्यांनी त्यामुळेच सोडलं. तान्ह्या बाबांना घेऊन सगळे इथे आले ते त्यांना आजीचं पोर म्हणवून. आजीनं मरताना बाबांना सांगितलं. त्यानंतर आजवर दोघंही त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

"सारी जिंदगी त्यानं मले बाई म्हटलं, बहीण म्हणून. चार लोकांत माय म्हटलेलं आयकाले जात होती मी. तू थेच खोडलं."

मीही तिच्या सुपातले खडे वेचू लागले. शेवटी विचारलं, येत्या रविवारी तेच प्रकरण परत वाचू का, त्यांनी लिहिलंय तसंच?

"हव," म्हणाली. "अन् जरा जोरानं वाच. मले कमी आयकू येते."