भिंतीपलीकडची

९ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार

प्रिय थोरलीस,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरीच असशील, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुझे डोळे आता अक्षर धरत नाहीत, तेव्हा हे पत्र नात वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तर पोरी, सावकाश वाच, मधलं काही गाळू नकोस, आणि मी आजीवर रागावले की आवाज चढवून वाच. मी रागावणार आहे.

अगं, जायचं तर सांगून जायचं! मी आपली सकाळी उठून बसले, आता भिंत वाजेल, मग वाजेल. चहा गार झाला. बाहेर गाडीचा आवाज आला तर मला वाटलं दूधवालीकडे पाहुणे आलेत. दार उघडून बघते तो तुझ्या दाराला कुलूप आणि रस्त्यावर नुसती धूळ. लेक न्यायला येणार हे सगळ्या गल्लीला माहीत, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईला नाही?

इतक्या वर्षांत तू भिंतीवर दोनदा वाजवलं नाहीस आणि मी एकदा वाजवलं नाही, अशी सकाळ गेली नव्हती. "उठलीस का?" "उठले." एवढंच काय ते आपलं बोलणं. तुझ्या मांजरीने माझ्या लोकरीचा सत्यानाश केला होता, आपण महिनाभर तोंड बघत नव्हतो, तेव्हासुद्धा तू वाजवलंस. असं वाजवलंस की माझ्या फळीवरचा डबा खाली आला, पण वाजवलंस. आणि नेमकं जायच्या दिवशी नाही. माझे हे गेले तेव्हासुद्धा घर इतकं सुनं झालं नव्हतं, कारण पलीकडे तू होतीस. राग आलाय मला. पोरी, आवाज चढव.

असो. इकडचं सगळं ठीक. मांजर दूधवालीकडे आहे, तिथे साय खाऊन अशी फुगलीये की पायऱ्या चढताना धापा टाकते. लोहाराने गल्लीच्या तोंडाचं फाटक नीट केलं, आता ते उघडतं पण लागत नाही. टेलर मास्तर काजं-बटणं करायला नेहमीसारखे शर्ट आणून टाकतात. मी अजून हात लावला नाही, हल्ली डोळे जरा थकतात. परिणामी गावातले निम्मे पुरुष छातीला टाचण्या लावून हिंडतायत. मास्तर मला एका शब्दाने बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

जेवणखाण व्यवस्थित चाललंय. एकटीसाठी फार काही करावंसं वाटत नाही, एवढंच.

बाकी एक सांगायचं होतं. आज सकाळी भिंत वाजली. दोनदा. मी तशीच अनवाणी धावत बाहेर आले, तू परत आलीस म्हणून. तुझ्या दाराला कुलूप. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, दूधवाली येऊन मला हाताला धरून घरात घेऊन गेली. कान वाजले असतील. म्हातारपण, दुसरं काय.

एक ओळ तरी पाठव.

तुझी, तू न सांगता सोडून गेलेली,
धाकटी

२ नोव्हेंबर, रविवार

थोरले,

तुझं उत्तर नाही. नातीचं कार्ड तेवढं आलं, "आजी बरी आहे, जेवते, बोलत नाही फारशी." पोरी, तुझं अक्षर छान आहे, पण बातमी मला आवडली नाही. तुझी आजी आणि बोलत नाही? तिला गप्प बसवायला आम्हाला दार लावून घ्यावं लागायचं.

बरं ऐक, तुला हसवते. माझे कान वाजत नव्हते. तुझी भिंत रोज वाजते. आणि वाजवणारी तू नाहीस हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण तुझे दोन ठोके म्हणजे एक हुकूम आणि दुसरा त्याची आठवण. हे ठोके निराळेच.

एका सकाळी ते इतके हळू आले की कुणी भिंतीची माफी मागतंय असं वाटावं. तो गिरणीवाला. माणूस मोठा, गिरणीत ओरडून ओरडून बोलतो, पण भिंतीशी नवऱ्यामुलासारखा लाजतो. दुसऱ्या दिवशी भिंतीचा पोपडाच खाली आला. तो लोहार, वेगळं सांगायला नको. नर्सबाई इंजेक्शनआधी दंडावर टिचकी मारतात ना, तशा वाजवतात, मला आपोआप दंड आखडून घ्यावासा वाटतो. टेलर मास्तरांना आधी शिंक येते, तुझ्या घरात धूळ साचली असणार. मग ते शिंक दाबतात, मग वाजवतात. आणि परवा तर आतून कुजबूज ऐकू आली. "तुम्ही वाजवा." "नको, तूच वाजव, तुझा हात हलका आहे." "अहो, पण किती वेळा वाजवायचं?" मी इकडे पदर तोंडात कोंबून बसले होते.

आत कसे शिरतात म्हणशील तर तुझ्या मागच्या दाराच्या कुलपावर बघ, पांढरी पिठाची बोटं उमटलेली. किल्ली गिरणीवाल्याकडे आहे. तुझा लेक देऊन गेला असेल, घरावर लक्ष ठेवायला.

मला कळलंय हे मी त्यांना कळू दिलेलं नाही. रस्त्यात भेटले की साळसूदपणे विचारतात, "काय धाकट्या मावशी, झोप झाली का बरी?" मीही म्हणते, "झाली हो, हल्ली सकाळी आपोआप जाग येते." लोहाराला तर हसू आवरत नाही, तो लगेच खोकायला लागतो. बिचारे. आपापली कामं सोडून, पाळ्या लावून, रिकाम्या घरात जाऊन एका म्हातारीच्या भिंतीवर टकटक करतात. मी कुणाचं काय केलंय एवढं?

पण खरं सांगू का? मी उलटून वाजवत नाही. मागचं दार उघडते, भांडं आपटते, म्हणजे जाग आहे हे त्यांना कळतं आणि ते जातात. ते एक वाजवणं तुझं आहे. दुसऱ्या कुणाला ते द्यायला हात उचलत नाही.

तू लिही ना गं काहीतरी. नातीला सांग, ती लिहील. शिव्या दे हवं तर.

वाट बघणारी,
धाकटी

७ डिसेंबर, रविवार

प्रिय थोरलीस,

पत्राला उशीर झाला. पायाला जरा लागलं होतं, म्हणून लिहायला बसले नाही. आता बरं आहे.

तुझा लेक येऊन गेला. घर विकायचं म्हणतो. बरोबर घ्यायला आलेली माणसं होती, त्यांनी टेप लावून सगळं मोजलं. तुझा लेक वाईट नाही गं. माझ्याकडे बसला, चहा घेतला, म्हणाला, "मावशी, आईला विचारतो तर ती काहीच बोलत नाही. मग मी तरी काय करू? एवढ्या महिन्यात काय ते ठरवून टाकतो." मी म्हटलं, तुमचं घर, तुम्ही ठरवा. शहाण्यासारखं बोलले. तो गेल्यावर कडी लावली.

पोरी, आता इथे थांब. पुढचं आजीला वाचून दाखवायचं की नाही ते आधी मनात वाचून तूच ठरव. तू आता लहान राहिलेली नाहीस.

पायाला काही लागलं नव्हतं. मी आडवी झाले ती उठलेच नाही. आजारी नव्हते, ताप नव्हता, उठायचं कशासाठी तेच सुचेना. विकत घेणारे भिंतीला प्लास्टर करतील, पलीकडे टीव्ही लावतील, आणि आपण दोघी होतो हे भिंतीलासुद्धा आठवणार नाही. सकाळी ठोके आले, ऐकू आले, पण मी मागचं दार उघडलं नाही. भांडं आपटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ठोके आधी लाजत आले, मग जोरात, मग कुणीतरी दोन्ही मुठींनी भिंत बडवायला लागलं. "मावशी! ओ मावशी!" मी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि भिंतीपलीकडे अख्खी गल्ली उभी होती.

लोहाराने दाराची कडी उखडली. (नंतर बसवलीही. आता दार लागतं पण उघडत नाही.) आधी नर्सबाई आल्या, मग सगळे. कुणी रागावलं नाही, कुणी "हे काय मावशी" म्हटलं नाही. दूधवालीने उश्या मागे लावून मला बसतं केलं आणि कपाने दूध पाजलं, वर त्या लठ्ठ मांजरीला आणून माझ्या पायावर टाकलं. मास्तरांनी माझी काजाची सुई शोधून काढली, दोरा ओवून माझ्या उशाशी ठेवली. गिरणीवाला दारातच उभा. डोळे पुसत होता आणि गालावर पिठाचा लगदा होत होता.

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं रे हे उद्योग करायला?"

तो म्हणाला, "थोरल्या मावशींनी."

मी म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, जायच्या दिवशी तू पहाटेच गिरणीवर आलीस, चाचपडत, भिंतीला हात लावत. किल्ली त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "रोज सकाळी आत जाऊन दोनदा वाजव. ती उठायची नाही नाहीतर." तो म्हणाला, "मावशी, जाताना तुम्हीच सांगून जा ना त्यांना." तर तू म्हणालीस, "मी वाजवलं तर ती उत्तर देईल. आणि तिचं उत्तर ऐकलं तर मग मला जाववणार नाही."

बिचाऱ्याला बाईमाणसाच्या भिंतीवर वाजवायची लाज वाटली, म्हणून थोडे दिवस त्याने ते अंगाबाहेर टाकलं. शेवटी बायकोने फैलावर घेतलं तेव्हा गल्लीत वाटून घेतलं त्यांनी.

आणि मी इकडे तुला पत्रातून बोल लावत होते. आवाज चढवून वाचायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्याने वाजवलं, तसंच, माफी मागितल्यासारखं. मी उठून भिंतीशी गेले आणि एकदा वाजवलं. पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. नंतर कळलं, तो दचकून तुझ्या स्टुलावरून खाली आला. तेव्हापासून रोज उत्तर देते. मास्तरांचे शर्टही हातावेगळे केले. आता गावाच्या टाचण्या सुटल्या.

पोरी, आता तुझ्याशी बोलते.

परवाचं तुझं कार्ड मी पुन्हा पुन्हा वाचलंय. तू लिहिलंयस, आजी भिंतीकडे तोंड करून बसते. सकाळी उठली की भिंतीवर बोटं आपटते आणि मग कान लावून थांबते, आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नाही. बाबा म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टरांना दाखवायला हवं.

बाबांना सांग, डोकं ठिकाणावर आहे तिचं. तिला दिसत नाही, तिचं घर बदललंय, सकाळी जाग आल्यावर भिंत तेवढी हाताला लागते. ती विचारते, "उठलीस का?" रोज विचारते. आणि रोज पलीकडून कुणी उत्तर देत नाही. मी दोनच दिवस उत्तर दिलं नाही तर गावाने दार फोडलं. ती इतके दिवस एकटी वाजवतेय गं.

तू लिहिलंयस, त्या भिंतीपलीकडे नुसता जिना आहे. मग असं कर. उद्या सकाळी लवकर ऊठ, जिन्यात जाऊन उभी राहा. पायात चपला घालू नकोस, तिचे कान तिखट आहेत. ती दोनदा वाजवेल. लगेच घाई करू नकोस, मी जरा उशीर लावायची, अंथरुणातून उठायला वेळ लागायचा मला. मग बोटाच्या पेराने, फार जोरात नाही, एकदाच वाजव.

तो हात माझा नाही हे तिला पहिल्याच ठोक्याला कळेल. मलाही कळलं होतं. तरीही वाजव. दुसऱ्या दिवशीही वाजव. घर विकायचं की ठेवायचं, यायचं की तिथेच राहायचं, ते ती बोलायला लागली की तिचं ती सांगेल. तिला आधी उत्तर मिळू दे.

आणि मग आत जाऊन तिला सांग, धाकटी उठली आहे.

तुमची दोघींची,
भिंतीपलीकडची