बाबा शेवटचं प्रकरण वाचतायत

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तोंड वाकडं केलंस ना? कर. पण फाडायच्या आधी वाच. बाबांच्या उरलेल्या एका डोळ्याचा पडदा सुटतोय. डॉक्टरबाईंनी गुरुवारी ऑपरेशन ठरवलंय, त्यापुढे गेलं तर आपल्या हातात काही नाही म्हणाल्या. आणि बाबा हट्टाला पेटलेत. त्या जुन्या अरबी प्रवासवर्णनाचं शेवटचं प्रकरण मराठीत आणल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत म्हणे. एवढं जुनंपुराणं आज कोण वाचणार, असं म्हणून तू दार आपटून गेलास. बाबांनी मराठीत आणलेलं मी वाचलं रे. परक्या गावात उतरल्यावर त्या प्रवाशाला भुकेआधी लाज वाटते, कारण पाणी मागायलाही शब्द नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझं अगदी हेच झालं होतं.

त्यांच्या डोळ्याला विसावा मिळावा म्हणून मी ती लिपी शिकायला घेतली. परवा ऐटीत वाचून दाखवलं: यजमानाने पाहुण्याच्या हातावर साप ठेवला! हब्बा म्हणजे दाणा, हय्या म्हणजे साप. मी खालचं एक टिंब जास्तीचं वाचलं. बाबा पोट धरून हसले. मग पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. तुझं नाव घेतलं नाही, पण त्यांना तुझं वाचणं आठवलं, हे मला कळलं.

तेव्हापासून ते स्वतः वाचून मराठीत सांगतात, मी उतरवून घेते. काल मी चहा द्यायला वाकले आणि पानावर नजर गेली. खाली हवीत ती टिंबं अक्षरांच्या डोक्यावर होती. पान उलटं धरलं होतं! आणि बाबा ओळीवर बोट फिरवत, न अडखळता सांगत होते. मी कप ठेवला आणि लिहीत राहिले. विचारायचा धीर झाला नाही. चोरी पकडली तर ते तोंडच मिटून बसतील. तू त्यांच्यावर गेलायस की ते तुझ्यावर, देव जाणे.

डॉक्टरबाईंना फोन केला. अजून आशा आहे म्हणाल्या, पण आणा लवकर. उचलून नेऊ का त्यांना? मूळ पान कोणी वाचून दाखवलं तर प्रकरण दोन बैठकांत संपेल, आणि ते वाचणारा तुझ्याशिवाय कोणी नाही. मंगळवारपर्यंत ये. भांडण नंतर करा, मी मध्ये पडणार नाही.

काल त्यांनी सांगितलेलं शेवटचं वाक्य तुला कळवायचं होतं, म्हणून खरं तर हे पत्र. म्हातारा झालेला प्रवासी घरच्यांना म्हणतो, माझा मुलगा आला तर मला त्याचं नाव सांगू नका. त्याला बोलू द्या, मी आवाजावरून ओळखेन. हे पुस्तकातलं आहे की बाबांचं, मला काही केल्या कळत नाही. तू ये आणि मोठ्याने वाच.

तुझीच,
ताई