नालेखालचं पाणी

दादा,

आधी ‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. वहिनी म्हणाल्या, वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी गप्प बसा. मला नाही बसवत. काल घाटावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तुझी होडी कुठून गळते ते कळलं. बघायला तूच तेवढा नव्हतास, म्हणून लिहितोय.

होडी नवी होती तेव्हा खडकाला घासून मागच्या बाजूला तडा गेला होता, आठवतं? तो मी सांधला. घासून, फायबरच्या जाळीवर रेझिनचे थर देऊन, उन्हात वाळवून. काम झाल्यावर लांब उभा राहून मी म्हणालो, “काय देखणी होडी हाय दादा तुझी.” एवढंच म्हणालो ना? तुला त्यात काय दिसलं? माळेगावच्या जत्रेतून तू घोड्याची नाल आणलीस आणि माझी नजर लागू नये म्हणून होडीच्या नाकावर स्क्रू मारून बसवलीस. माझ्यादेखत. आपण एका ताटात जेवलेली माणसं, दादा.

थोड्याच दिवसांत होडीत पाणी यायला लागलं, तेही माझ्या सांध्याजवळ. मग तर काय! “किशन्याच्या हाताला गुण न्हाई,” असं तू घाटभर सांगत सुटलास. यात्रेकरूंना पलीकडे नेताना डब्याने पाणी उपसायचास आणि म्हणायचास, “भावाची करणी उपसून राहिलो.” लोक हसायचे. तेव्हापासून नांदेडच्या घाटावर मी गळका किशन. माझ्या सुनेच्या माहेरचे लोकसुद्धा पाठीमागे याच नावाने बोलतात. त्यानंतर एकाने तरी मला होडी दुरुस्तीला दिली का?

एकदा तपासू दे म्हणून मी तुझ्या किती विनवण्या केल्या. “तू होडीकडं बघूच नको, तुझी नजर लई वाईट हाय.” हे तुझं उत्तर.

तू गेलास आणि वहिनींनी होडी विकायला काढली. मी म्हणालो, विकण्याआधी एकदा माझ्या हाती द्या.

“भावजी, आता काय राहिलंय त्यात?”

“माझं नाव राहिलंय वहिनी.”

दोन टायरांवर होडी चढवली. या होडीला दोन तळ आहेत, मधे पोकळी आहे. पाणी शिरतं एकीकडून आणि दिसतं दुसरीकडे, हे मी तुला सांगितलं होतं. तू ऐकून घेतलंस का? मधल्या झाकणातून त्या पोकळीत निळीचं पाणी ओतलं. माणसं जमली. माझ्याच सांध्यातून थेंब आला तर कुठं तोंड लपवायचं?

आधी मागची बाजू खाली ठेवली. सांध्यावर पाणी चढलं. थेंब नाही. मी बाहेरून तळवा फिरवला आणि एकेकाला कोरडा हात दाखवला. मग मागची बाजू उचलून धरली. पाणी नाकाकडे धावलं आणि तुझ्या नालेखालून निळे थेंब गळायला लागले.

होडी रिकामी असली की नाल पाण्याच्या वर राहायची. माणसं बसली की नाक दबायचं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरायचं. तिथून पोकळीतल्या पोकळीत मागे, तू बसायचास तिथं, आणि तिथं वरच्या तळाच्या फटीतून वर यायचं.

म्हातारा म्हादबा नावाडी म्हणाला, “म्हंजे भोकं धोंडिबानंच पाडली की रं!” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, “झालं का भावजी समाधान?”

“न्हाई झालं,” म्हणालो. खरंच नाही झालं. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. जिवंत माणसावर तू इतकी वर्षं धरलास, त्याचं काय?

आज नाल उपटली. भोकं घासून रुंद केली. आता आतली ओल सुकू देतोय. घाई केली तर वरचा थर सुटेल आणि लोक पुन्हा मलाच हसतील, ही धास्ती आहेच. सारखा उठून हात लावून बघतो. आभाळ आलं की ताडपत्री घेऊन पळतो. ओल गेली की आतून, बाहेरून थर देणार.

वहिनींना म्हणालो, विकू नका, मी चालवतो, तुमचं घर चालेल. त्या म्हणाल्या, “मग होडीवरचं नाव तरी बदला. तुमचं घाला.”

नाही बदलणार. उलट तुझ्या नावावर नव्या रंगाचा हात देणार, लांबून वाचता येईल असा. धोंडिबाची होडी रोज माणसांनी भरून निघेल, किशनच्या हाताने, आणि तळाला कोरडी राहील. बसणारा विचारेल, “ही गळायची ती ना?” मी वल्हं मारत सांगेन, कुठून गळायची आणि का. अंगात जीव आहे तोवर रोज सांगेन. हा शब्द देतो तुला.

तुझा धाकटा भाऊ,
किशन