सत्तावीस इंच

३ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवरचं तुझ्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून पुन्हा पत्र. मागच्या वेळी मी यांच्या तब्येतीचं सांगत होते आणि तू मला कुठली बॅटरी चांगली ते समजावत होतास. वर्कशॉपने तुझे कान खाल्ले, आता डोळे तरी सांभाळ.

काम असं आहे की आम्हाला मोठी गाडी घ्यायची आहे. हसू नकोस. आमच्या लहान गाडीत यांना बसवायचं म्हणजे आधी डोकं धरायचं, मग कंबर वाकवायची आणि मग एकेक पाय आत घ्यायचा. मणका तेवढं वाकू देत नाही. दर बुधवारी इस्पितळात जावं लागतं, म्हणून गेले दोन बुधवार अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. दुसऱ्यांदा परत आल्यावर हे दिवसभर मोजणीची जुनी वही चाळत होते. संध्याकाळी म्हणाले, तीस वर्षांपूर्वी हा रस्ता मी मोजून आखला, त्याचं प्रत्येक वळण माझ्या वहीत आहे, आणि त्याच रस्त्याने मला छत बघत जावं लागतं. यापुढे जाईन तर बसून, रस्ता बघत जाईन, नाहीतर जाणार नाही. तुझ्या मेहुण्याला तू ओळखतोस. एकदा खुंटी ठोकली की ठोकली. आणि बुधवार चुकले तर काय होईल, ते मला लिहायचं नाही.

शोरूममध्ये जाऊन आले. मध्यम आकाराची आलिशान एसयूव्ही म्हणतात ती पाहिली. विक्रेता मला छताची काच उघडून आभाळ दाखवत होता. छताचं नाव ऐकलं तरी आमच्याकडे भांडण होतं, हे त्याला काय सांगू? जन्मभर आम्ही दुसऱ्याचं वापरलेलं कपाट, दुसऱ्याचं वापरलेलं टेबल घेतलं. एकदा नवी वस्तू घ्यावी असं मला वाटतं. तू गाड्या तपासणारा माणूस, तू सांग. नवी की जुनी?

वहिनीस नमस्कार. माझ्यावर रागावायचं ते नंतर रागाव, लोभ मात्र आत्ताच पाठव.

तुझी,
बुटकी

९ जानेवारी

चि. सौ. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. नवी गाडी छानच असते, पण आज मागितली तर चार महिन्यांनी मिळते. तुम्हाला चार महिने थांबता येईल का? डॉक्टर काय म्हणाले ते तू लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही. तीन वर्षं वापरलेली घेऊ, म्हणजे हौसेचे पैसे पहिल्या मालकाने भरलेले असतात आणि गाडीत काही खोट असेल तर ती एव्हाना बाहेर आलेली असते. माणसाचंही तसंच आहे म्हण.

चकाकीवर जाऊ नकोस. अशा गाड्यांना मोठमोठी चाकं लावतात, दिसायला राजेशाही, पण रबर पातळ. रस्त्यावरचा खडा थेट पाठीला कळतो. आपल्याला लहान चाकांची आणि जाड टायरची हवी. काहींना स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात, बटण दाबलं की गाडी चार बोटं खाली बसते आणि माणूस चढला की वर येते. मेहुण्यांना तशीच पाहिजे. पण जुन्या गाडीत त्या पिशव्या गळतात. म्हणून मी गाडी रात्रभर उभी ठेवतो आणि सकाळी चारी कोपऱ्यांची उंची मोजतो. एखादा कोपरा बसलेला दिसला की गाडी परत.

माझी तपासायची रीत तुला माहीत आहे. आधी मागच्या सीटवर बसतो. पुढे बसलेल्याला कुठलीही गाडी आवडतेच, खरं काय ते मागे कळतं. आणि या गाड्यांत सीटची बटणं असतात. बटण दाबलं की सीट आपल्या माणसाचं माप लक्षात ठेवून तिथे जाऊन थांबते. जुनी गाडी आली की मी पहिल्यांदा ते दाबतो. सीट सरकत सरकत जाते आणि आधीचा मालक दिसतो, उंच होता की ठेंगणा, ताठ बसायचा की रेलून. एकदा तो पाहून घेतला की पुसून टाकतो. नव्या माणसाला दुसऱ्याच्या मापात बसवू नये.

तेव्हा मला एक माप हवं. मेहुणे सरळ बसले की बैठकीपासून डोळ्यांपर्यंत किती इंच? त्यावर सगळं आहे. कमी उंचीवर बसले तर समोर नुसता डॅशबोर्ड दिसेल, मग छत काय आणि तो काय. गणिताच्या बाईंनी नीट टेप लावावी.

आशीर्वादांत कधी खंड नाही, हे तू जाणतेसच.

दादा

१५ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

माप घेतलं. एकतीस इंच. शाळेत पोरांना मी एका दशांशासाठी उभं करते, तेव्हा या आकड्यावर शंका घेऊ नकोस.

हे मजेत आहेत. जेवण थोडं कमी आहे. काल माझ्या उत्तरपत्रिका तपासायला बसले आणि एका मुलाला त्याचं उत्तर चुकलेलं असूनसुद्धा तीन गुण देऊन मोकळे झाले. म्हणाले, त्याची रीत बरोबर होती. मी बरीच वादावादी केली, पण शेवटी गुण राहू दिले. या बुधवारीही गेलो नाही. गाडी लवकर बघ दादा, एवढंच म्हणते.

लोभात काटकसर करू नये.

तुझी,
बुटकी

१८ जानेवारी

श्री. दादांस,
स. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे त्याबद्दल माफी. ही शाळेत गेली आहे आणि पत्र शेजारच्या शिंप्याच्या हाती टाकायला देणार आहे, म्हणून घाईत लिहितो.

तिने तुम्हाला दिलेलं माप चुकीचं आहे. ते माझं नाही, भिंतीचं आहे. जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची भिंतीला टेकून असते. वीस वर्षं तिथे बसून डोक्याच्या तेलाचा भिंतीवर एक गोल डाग पडला आहे. मी झोपलोय असं समजून तिने खुर्चीपासून त्या डागापर्यंत टेप लावली, त्यातून काही इंच वजा केले आणि लिहून घेतलं. मी पडल्या पडल्या सगळं बघत होतो. हल्ली माझं डोकं त्या डागापर्यंत पोचत नाही. मणके एकमेकांत बसत चालले आहेत. तिला हे दिसतं, रोज समोर जेवायला बसते, न दिसायला काय झालं? पण मला टेप लावून तो आकडा वाचणं तिच्याच्याने होईना.

दुपारी मी स्वतः मोजून पाहिलं. सत्तावीस इंच. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, कुणाचं वीतभर कमी भरलं की तो रडायचा आणि मी त्याला समजावायचो की माप खोटं बोलत नाही. आता माझी पाळी. थोडं रडूही आलं, खोटं कशाला बोलू?

तिला यातलं काही कळवू नका. आणि दुसरं, गाडी माझ्यासाठी बघू नका. डॉक्टरांच्या हिशेबाने मला उन्हाळा बघायला मिळेल, पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नंतर ती चालवणार आहे. तेव्हा तिचे पाय ब्रेकला पोचतील अशी बघा. माझं काय, मला एवढा रस्ता दिसला म्हणजे झालं.

आपला लोभ मला हक्काने मिळत आला, तो पुढे तिच्या नावावर चढवावा.

आपला,
मोजणीदार

४ फेब्रुवारी

चि. सौ. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

तीन गाड्या पाहिल्या. पहिलीला सात माणसांची जागा, पायरी एवढी उंच की मला दोनदा गुडघा धरावा लागला. दुसरी दिसायला नवरदेव, पण चाकं मोठी. मागे बसलो तर एक किलोमीटरात जेवलेलं वर आलं. तिसरी घेतली.

तिसरी राखाडी आहे, तीन वर्षांची. एका दंतवैद्य बाईंनी वापरलेली, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या दातांसारख्या ओळीने लावलेल्या. मागच्या दारावर एक ओरखडा आहे, तो मी तसाच राहू दिला. तो बुजवण्यात आठवडा गेला असता. चार रात्री उभी ठेवली, एकही कोपरा खाली बसला नाही. इंजिनाचा आवाज मला आता ऐकू येत नाही, म्हणून बोनेटवर तळहात ठेवून बघितलं. शांत आहे. पेट्रोल मात्र हावरट पाहुण्यासारखी पिईल, आग्रह करायची गरज नाही.

उद्या आमचा चालक गाडी घेऊन येईल. तुझ्या सीटचं एक नंबरचं बटण तुझ्या मापाने लावलंय. शेजारच्या सीटचं एक नंबर मेहुण्यांचं. गाडी खाली बसव, त्यांना चढव आणि बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस, मला विचारूही नकोस.

लोभ आहे तो रस्त्याला लागू दे.

दादा

२० फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

दोन बुधवार झाले. दोन्ही वेळा हे बसून गेले.

पहिल्या दिवशी यांना चढवून मी बटण दाबलं. सीट हळूहळू वर गेली, मग पुढे, मग पाठ जराशी मागे रेलली आणि थांबली. यांचे डोळे काचेच्या बरोबर मधोमध आले. निघाल्यावर मी विचारलं दिसतंय का, तर म्हणाले की पहिल्या वळणाला तू जास्त वेगात आहेस. तिथून इस्पितळापर्यंत मला एकेक वळण सांगत होते. इथे खडक लागला होता, तिथे एका म्हातारीने चिंच तोडू दिली नाही म्हणून रस्ता दहा फूट वाकवला. ती चिंच अजून आहे. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते, मला वाटायचं वळण उगीच आहे.

डॉक्टरांनी काही चांगलं सांगितलं नाही. परतताना ते सांगितल्याचं आमच्या दोघांच्याही लक्षात नव्हतं, निदान चिंचेपर्यंत तरी.

तुला काय देऊ दादा? लोभ तर तुझ्याकडूनच येतो.

तुझी,
बुटकी

२८ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तेराव्यानंतर तू गेलास, तेव्हापासून रोज पत्र लिहायला बसते आणि उठते. आज लिहितेच.

एकंदर अकरा बुधवार मिळाले. शेवटच्या बुधवारी हे चिंचेपाशी मला थांबायला म्हणाले. पाच मिनिटं थांबलो. मग म्हणाले, चल, माप बरोबर आहे.

काल त्यांची मोजणीची वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलंय, बैठकीपासून डोळ्यांपर्यंत सत्तावीस इंच, दादांना कळवले, हिला सांगणे नाही. दादा, मी भिंत मोजली होती. गाडी येईपर्यंतचे तीन आठवडे मला झोप नव्हती. माझ्या खोट्या आकड्यामुळे यांना डॅशबोर्डच दिसणार, असंच मनात घेऊन मी त्या दिवशी बटण दाबलं होतं. मग नीट दिसलं तेव्हा वाटलं, देव पावला. तुम्ही दोघं पावलात हे आत्ता कळलं. तिघांनाही खरं माहीत होतं आणि तिघंही गप्प. निदान एकदा तिघांनी बसून रडून घ्यायला हवं होतं.

गाडी विकायची आहे. चालकाबरोबर तुझ्याकडे पाठवली आहे. शाळेत जाताना शेजारी बघवत नाही. परवा अंगणात रिकाम्या सीटचं बटण दाबलं. ती वर गेली, पुढे आली, जराशी रेलली आणि त्यांची वाट बघत थांबली. मी पुन्हा गाडीत बसले नाही. बसने जाते.

एक मागणं आहे. तू रीतीप्रमाणे ते बटण दाबशील आणि मग पुसशील. ते तूच पूस. दुसऱ्या कुणाच्या हाताने नको.

माझ्यावरचा लोभ आता दुप्पट कर, एकाचा कमी झाला.

तुझी,
बुटकी

६ जून

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी पोचली. कामावरून सगळे गेल्यावर तपासायला घेतली. आधी मागे बसलो. मग चारी टायर, ब्रेक, दिवे, हवेच्या पिशव्या बघितल्या. सगळं ठणठणीत आहे. अकरा बुधवार चालवून तू तिला एक नवा ओरखडासुद्धा दिलेला नाहीस, एवढंच नवल.

शेवटी पुढे बसलो आणि शेजारच्या सीटचं बटण दाबलं. बाकीच्या मालकांना मी ओळखत नसतो, म्हणून सव्वीस वर्षं पुसताना काही वाटलं नाही. सीट थांबली आणि मेहुणे दिसले. मीच ते माप लावलं होतं, जमिनीवर त्यांचं पत्र ठेवून आणि हातात टेप घेऊन. तेव्हा रडायला सवड नव्हती. परवा होती.

तपासणीच्या कागदावर शेवटचा रकाना असतो, विक्रीस योग्य आहे का. तिथे मी नाही असं लिहिलं. कारणाच्या जागी काय लिहावं सुचेना, ती कोरी ठेवली. माझा एकही कागद आजवर कोरा गेलेला नाही. आमच्या मालकांनी कारण विचारलं. बहिरेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

तेव्हा गाडी परत पाठवतो आहे. दोन्ही बटणं जशीच्या तशी आहेत. पुसायचीच असली तर दुसरा तपासनीस बघ, हे काम माझ्याच्याने होत नाही, तुझ्याच्यानेही होणार नाही.

या बुधवारी शाळेतून अर्धी सुट्टी काढ आणि त्यांच्या रस्त्याने, इस्पितळावरून पुढे, इकडे ये. पहिल्या वळणाला सावकाश. परतताना मीही येईन चिंचेपर्यंत. पुढची जागा भरलेली आहे, मी मागे बसेन. मला सवय आहे.

तुझा,
दादा